डोळ्याखालचं काळं : झाकायचं कसं, आणि झाकण्याआधी बघायचं काय



लावणी उरकली की आपल्या घरातला आरसा पुन्हा कामाला लागतो. तोवर कुणाला सवड असते? पहाटे उठून चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, दिवसभर इरलं घेऊन खाचरात वाकायचं, रात्री ओले कपडे चुलीपाशी वाळत टाकून आडवं व्हायचं. पासली-केळदच्या पट्ट्यात पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मग गौरी-गणपती येतात, पोरं मोबाईलवर फोटो काढतात आणि फोटो बघून आपणच म्हणतो, "अगं बाई, डोळ्याखाली केवढं काळं झालंय!"

अशाच एका बैठकीत हा विषय निघाला. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, वही मिटली. तेवढ्यात एक ताई हळूच म्हणाली, "यंदा पुण्याला भीमथडी जत्रेत तांदूळ आणि नाचणीचे लाडू घेऊन बसायचंय. तिथं लोक फोटो काढतात. ते कन्सीलर का काय असतं, ते आपल्याला लावता येतं का गं?" दोघी-तिघी हसल्या. ताईचा चेहरा उतरला. मग कोपऱ्यातून दुसरी म्हणाली, "हसता काय? मला पण पाहिजे. पोरीच्या लग्नात लावायचंय." मग कुणी हसलं नाही. उठेपर्यंत सहा जणींनी तेच विचारलं. म्हणून हा लेख.

पहिल्यांदा एक सांगते. नटणं म्हणजे उधळेपणा नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. हळद, कुंकू, काजळ आपल्या आज्यांनीही लावलंच की. आपला चेहरा बरा दिसावा असं वाटलं, तर ते मोकळेपणानं बोलावं. फक्त झाकण्याआधी आपण काय झाकतोय ते माहीत असावं. एवढी एकच अट.

कन्सीलर म्हणजे नेमकं काय?

कन्सीलर म्हणजे झाकणारा लेप. फाउंडेशन सगळ्या चेहऱ्याला लावतात, ते पातळ असतं. कन्सीलर थोड्याच जागेपुरतं असतं. त्यात रंग जास्त घट्ट असतो, म्हणून अगदी थोडं लागतं. ते डाग घालवत नाही, कातडी उजळवत नाही, औषध तर नाहीच. सकाळी लावायचं, रात्री धुऊन टाकायचं. धुतल्यावर खालचं काळं जसंच्या तसं असतं. "आठ दिवसांत काळी वर्तुळं गायब" असं कुणी सांगून विकत असेल, तर ते कन्सीलर नव्हे. ते दुसरंच काही आहे. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी ओळखा : काळं कशाचं आहे?

डोळ्याखालची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, साधारण अर्धा मिलिमीटर. त्यामुळं आतलं बाहेर दिसतं. काळेपणाची तीन मुख्य कारणं असतात. पुष्कळ जणींत ती मिसळलेली असतात. दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून, छोटा आरसा घेऊन बघा.

पहिलं, रंग. बोटानं खालची कातडी अगदी हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग आहे तसाच राहिला, तर तो कातडीतलाच रंग आहे. हा बहुतेक वेळा घराण्यातून येतो. आईचा नाहीतर मावशीचा चेहरा आठवून बघा. ऊन, चुलीचा धूर, मळणीची धूळ यानं डोळे चुरचुरतात, आपण चोळतो, आणि चोळून चोळून तो वाढतो.

दुसरं, रक्तवाहिन्या. ताणल्यावर निळसर-जांभळं जास्तच उठून दिसलं, तर ते पातळ कातडीतून दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचं आहे. झोप कमी झाली, चेहरा फिका पडला, की हे जास्त दिसतं.

तिसरं, सावली. वय वाढतं तसं डोळ्याखाली खळगा पडतो आणि त्यात सावली धरते. मान वर करून चेहऱ्यावर सरळ उजेड घेतला की काळं कमी होतं. तसं झालं तर ती सावली समजायची.

हे ओळखून काय फायदा? रंग असेल तर कन्सीलर चांगलं झाकतं. निळं-जांभळं असेल तर आधी नारिंगी लेप लागतो. नुसती सावली असेल तर कन्सीलरनं थोडाच फरक पडतो. त्यासाठी महाग ट्यूब घेऊन नंतर हळहळायला नको.

आता खालची पापणी ओढून बघा

आरसा हातात आहेच, तर आणखी एक करा. खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि आतला भाग बघा. तो लालसर-गुलाबी हवा. पांढरट, फिका दिसला तर रक्त कमी असण्याची शंका घ्या. नखं, जीभ, तळहातही बघा. चढ चढताना धाप लागते का? उठताना डोळ्यापुढं अंधारी येते का? पाळीत जास्त अंगावर जातं का? माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? यातलं काही असेल तर कन्सीलरच्या आधी आरोग्य केंद्र.

ही भीती घालायची गोष्ट नाही, हिशेबाची आहे. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे दहा जणींचा गट असेल, तर त्यातल्या निम्म्यांहून जास्त. आपल्या गटात कोण, ते चेहरा बघून कळत नाही. सुई टोचून थेंबभर रक्त दिलं की कळतं. पासलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. आशाताईला विचारलं तरी ती सांगेल. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं, तर रक्त कमी धरतात. गरोदर असेल तर ११ च्या खाली.

सगळ्यांचं डोळ्याखालचं काळं रक्त कमी असल्यामुळंच असतं, असं मात्र नाही. घराण्यातून आलेला रंग लोहाच्या गोळीनं जात नाही. पण रक्त कमी झालं की सगळा चेहरा फिका पडतो आणि डोळ्याखालचं काळं जास्त उठून दिसतं. गंमत बघा, कन्सीलरमधला पिवळा, तांबडा आणि काळा रंग बहुतेक लोहापासूनच बनवलेला असतो, गंजासारखाच. पण लोह वरून लावून रक्त वाढत नाही. ते पोटातच जावं लागतं.

त्यासाठी नाचणी, हुलगे, मटकी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातल्या रानभाज्या खा. खात असाल तर कलेजी, सुकट आणि ओढ्यातली खेकडी. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा ठेवा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर नको, पुढं-मागं तास-दीड तास जाऊ द्या. चहानं लोह अडतं. सरकारी लाल गोळी मिळत असेल तर ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. किती गोळ्या आणि किती दिवस, ते मात्र तपासणी झाल्यावर डॉक्टरच सांगतील.

सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसत असतील, पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, किंवा एकाच डोळ्याखाली अचानक काळं झालं असेल, तर ते झाकत बसू नका. दाखवून या.

कन्सीलर कसं निवडायचं?

आता खरेदीचं बोलू.

कपड्यांना नीळ का घालतो आपण? पांढरा कपडा जुना झाला की पिवळट दिसतो. निळीचा निळा त्या पिवळ्याला मारतो आणि कपडा पांढरा वाटतो. चेहऱ्याचंही तेच. निळ्या-जांभळ्याला नारिंगी रंग मारतो. म्हणून डोळ्याखाली निळसर, जांभळट किंवा गडद काळं असेल, तर आधी नारिंगी छटेचा पातळ लेप आणि त्यावर आपल्या रंगाचं कन्सीलर. या नारिंगी लेपाला दुकानात 'करेक्टर' म्हणतात. रंग उजळ असेल तर फिकट पीच, सावळा असेल तर नारिंगी, जास्त सावळा असेल तर तांबूस नारिंगी. काळं हलकं असेल तर करेक्टरची गरज नाही. पैसे वाचवा.

सर्वांत मोठी चूक शेडमध्ये होते. गोरं दिसायचं म्हणून आपण उजळ शेड उचलतो. काळ्यावर पांढरट लावलं की राखाडी दिसतं. राख फासल्यासारखं. फोटोत तर डोळ्याभोवती पांढरा चष्मा घातल्यासारखं वाटतं. कन्सीलर आपल्या रंगाचंच घ्या, फार तर एक शेड उजळ. आपल्यातल्या बहुतेक जणींच्या कातडीत पिवळसर झाक असते, म्हणून गुलाबी झाकेपेक्षा पिवळसर झाकेचं जुळतं.

शेड बघायची कशी? हाताच्या मनगटावर नाही. मनगट उन्हानं रापलेलं असतं किंवा चेहऱ्यापेक्षा वेगळं असतं. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान मिळतात तिथं, एक बारीक रेघ ओढा. मग दुकानाच्या ट्यूबलाइटमधून बाहेर या आणि दिवसाच्या उजेडात बघा. दहा मिनिटं थांबा, कारण वाळल्यावर काही कन्सीलर थोडं गडद होतं. जी रेघ शोधावी लागते, ती तुमची शेड. डबीवरच्या नावावर जाऊ नका. एका कंपनीचं 'मीडियम' ते दुसऱ्या कंपनीचं 'डार्क' असतं. दुकानातलं उघडं सॅम्पल डोळ्याजवळ तर लावूच नका, ते किती जणींनी लावलेलं असेल सांगता येत नाही.

कन्सीलर तीन तऱ्हांचं मिळतं. पातळ, ट्यूबमध्ये किंवा काडीच्या बाटलीत. घट्ट, छोट्या डबीत. आणि लिपस्टिकसारखी कांडी. नवशिकीला पातळ बरं. ते पसरतं, सुरकुतीत कमी साचतं. डबीतलं जास्त झाकतं, पण जास्त लागलं तर थर दिसतो. कांडी घट्ट आणि कोरडी असते, ती डोळ्याखाली ओढावी लागते, म्हणून ती टाळा.

किंमत? दीडशे-अडीचशे रुपयांच्या आसपास कामचलाऊ चांगलं मिळतं. हजाराचं घेतलं म्हणून काळं जास्त झाकलं जातं असं नाही. शेड चुकली तर हजाराचंही राखाडीच दिसतं.

डबी हातात घेतल्यावर हे वाचा

आपण खताची गोणी घेताना शिक्का बघतो, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघतो. तसंच इथंही करायचं.

- बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता
- परवाना क्रमांक (बाहेरच्या देशातलं असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक)
- बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख
- काय काय घातलंय त्याची यादी
- वजन आणि किंमत

यातलं काही नसेल, किंवा नुसतं चमकदार कागदावर बाईचं चित्र आणि "नंबर वन क्रीम" एवढंच असेल, तर परत ठेवा. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि शेजारी '१२' किंवा '६' असा आकडा असतो. म्हणजे उघडल्यावर तेवढे महिने चालतं. उघडलं त्या दिवशीची तारीख पेनानं डबीवर लिहून ठेवा. वास बदलला, पाणी सुटलं तर तारखेची वाट न बघता टाका.

आणल्या आणल्या चेहऱ्याला लावू नका. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली आली नाही तरच डोळ्याखाली.

लावायची पद्धत

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदाच लावायला घेऊ नका. आधी घरी दोन-तीनदा करून बघा.

१. चेहरा साध्या पाण्यानं धुवा. टॉवेलनं घासू नका, टिपा. डोळे चुरचुरत असतील तर गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा पाच मिनिटं डोळ्यांवर ठेवा. सूज थोडी उतरते.

२. डोळ्याखालची कातडी कोरडी असेल तर साधं क्रीम तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन टिपत लावा. दोन-तीन मिनिटं मुरू द्या. कोरड्या कातडीवर कन्सीलर भेगा पडल्यासारखं दिसतं. तेलकट कातडीवर सरकतं. जास्त झालं असेल तर रुमालानं टिपून घ्या.

३. करेक्टर लागत असेल तर जिथं सगळ्यात काळं आहे तिथंच, नाकाजवळच्या कोपऱ्यात आणि खळग्यात, अगदी पातळ लावा. नारिंगी ठिपका उठून दिसता कामा नये, काळं नुसतं फिकं व्हायला हवं.

४. कन्सीलर आधी हाताच्या पाठीवर घ्या. एका डोळ्याला इंद्रायणीच्या दाण्याएवढं पुरतं. तीन ठिपके द्या : नाकाजवळ, मध्ये आणि बाहेरच्या कोपऱ्यात. पापणीच्या केसांपासून थोडी जागा सोडा, नाहीतर डोळ्यात जातं.

५. करंगळीशेजारच्या बोटानं टिपा. या बोटाला जोर कमी असतो, म्हणून तेच वापरायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही, शेणसडा सारवल्यासारखं फिरवायचं तर मुळीच नाही. थेंब थेंब पावसासारखं टिप-टिप करत कडेनं विरवत न्यायचं. कन्सीलर कुठं संपलं आणि आपली कातडी कुठं सुरू झाली, हे कळता कामा नये.

६. एक मिनिट थांबा. अजून काळं दिसतंय का? असेल तर तेवढ्याच जागी आणखी एक पातळ हात. एकदम जाड थरापेक्षा दोन पातळ हात बरे.

७. वर बघा, सुरकुतीत साचलेलं बोटानं टिपून घ्या. मग आपल्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर असेल तर चिमूटभर दाबून लावा. अंगाला लावायची पांढरी टाल्कम पावडर डोळ्याखाली नको. ती काळ्यावर पांढरी बसते आणि सगळी मेहनत वाया जाते.

८. आता आरसा घेऊन दारात या. उजेडात चांगलं दिसलं तर सगळीकडे चांगलं दिसेल.

घाम आला तर पुसू नका, रुमालानं टिपा. वर पुन्हा पुन्हा थर देऊ नका. डोळ्याखाली फुगवटा असेल तर फुगवट्यावर उजळ शेड लावू नका, तो आणखी वर आल्यासारखा दिसतो. फुगवट्याच्या खालच्या रेघेतच थोडं लावा. साठीच्या पुढच्या मैत्रिणींनी अगदीच कमी लावावं, पावडर टाळावी. तिथं जितकं कमी तितकं साजरं.

रात्री काढायला विसरू नका

लग्नाहून दमून आलं की तसंच झोपावंसं वाटतं. पण कन्सीलर तसंच ठेवून झोपलं की डोळे चुरचुरतात, आपण चोळतो, आणि चोळून पुन्हा काळं वाढतं. कापसावर दोन थेंब खोबरेल तेल घ्या, डोळा मिटून वर ठेवा, थोडं थांबा, मग हलकेच खाली पुसा. नंतर सौम्य साबणानं चेहरा धुवा.

आणि एक महत्त्वाचं. गटात आपण सगळं वाटून घेतो, पण डोळ्याची काडी वाटून घ्यायची नाही. एकीचे डोळे आले की आठवड्यात सगळ्यांचे येतात. दोघींनी मिळून ट्यूब घेतली असेल, तर स्वच्छ काडीनं किंवा नव्या इअरबडनं आपापल्या हातावर काढून घ्या. ट्यूबची काडी चेहऱ्याला लागू देऊ नका. आरसेटीत किंवा दुसरीकडं पार्लरचं काम शिकलेल्या मुलींनी तर हा नियम पक्का पाळावा. डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना काहीच लावू नका.

झाकणं वेगळं, उजळवणं वेगळं

आता ती पुढं सांगते म्हटलेली गोष्ट.

कन्सीलर वरून झाकतं आणि धुतलं की जातं. पण बाजारात 'काळी वर्तुळं घालवणारं', 'सात दिवसांत गोरं करणारं' क्रीमही मिळतं. काही क्रीममध्ये पारा असतो. पारा कातडीतला रंग तयार होणं थांबवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत खरंच उजळ दिसतं. बाई खूश होते, मैत्रिणीला सांगते. पण पारा कातडीतून अंगात उतरतो आणि किडनीवर बसतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. २०२२ साली आपल्याच राज्यात, अकोल्यात, एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला, एकाच घरातल्या तिघींना, किडनीचा त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला. तिघी एकच क्रीम लावत होत्या, ओळखीतून घेतलेलं. ते तपासलं तर त्यात पारा निघाला, तोही हजारो पटींनी जास्त. नियमानं कातडीला लावायच्या क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाख भागांत एक भागाहून जास्त चालत नाही. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले एका प्रकारच्या किडनीच्या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराची एक खास खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला. म्हणजे वेळेत कळलं तर सुटका आहे.

दुसरी भीती स्टेरॉइडच्या मलमांची. खाज-नायट्याचं मलम घरात असतं, कुणीतरी सांगतं "ते लाव, उजळतं." त्यानं आधी उजळतं, मग कातडी आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या जास्त दिसायला लागतात. डोळ्याजवळ फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूची भीती असते. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नयेत. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडाही डोळ्याखाली नको. कातडी भाजते आणि भाजलेली जागा आणखी काळी होते.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. जे धुतल्यावर जातं ते झाकणारं. जे धुतल्यावरही उजळ ठेवतं, पण कुणी बनवलं आणि आत काय आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं, ते घरात आणू नका. पोरींनाही सांगा. लग्न ठरायच्या वयाच्या पोरींच्या हातात हीच डबी पहिल्यांदा पडते, आणि बऱ्याचदा आपणच ती आणून दिलेली असते.

पुढच्या बैठकीत एवढं करू या

बचत गोळा झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. एक छोटा आरसा आणा. एकमेकींच्या खालच्या पापणीचा रंग बघा. जिची फिकी दिसेल, धाप लागते म्हणेल, तिची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. आशाताईला बोलावून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा नावापुढं टाका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. कर्जाचा हप्ता आपण तारखेला बघतो, तसाच हा आकडाही बघायचा. जिच्याकडं कन्सीलर आहे तिनं आणावं आणि जबड्यावर रेघ ओढून शेड कशी बघायची ते दाखवावं.

ज्या ताईनं पहिल्यांदा विचारलं, तिचं काय झालं तेही सांगते. बैठकीतच कुणीतरी तिची पापणी ओढून बघितली, आत पांढरट होतं. ती म्हणाली, "अगं, पाणी भरून आणताना धाप लागते, पण ते सगळ्यांनाच लागते ना." तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या थोडं वर. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, जंताची गोळी दिली, पाळीचं विचारलं. दोन वर्षं पाळीत जास्त जात होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचाही इलाज सुरू झाला.

आणि कन्सीलर? तेही घेतलं तिनं, वेल्ह्याच्या बाजारातून, डबी वाचून, बाहेर उजेडात शेड बघून. जत्रेत जायच्या आधी तीनदा घरी लावून बघितलं. परवा म्हणाली, "गोळ्या चालू आहेत, धाप कमी झालीय. काळं थोडं कमी वाटतंय, थोडं आईसारखं आहे ते राहणारच. राहू दे. फोटोपुरतं झाकीन."

तुमच्या गटात काय निघालं, किती जणींनी तपासून घेतलं, ते पुढच्या अंकासाठी नक्की लिहून पाठवा.